व्रण म्हणजे उघडी जखम की भरल्यावर राहिलेली खूण?

सीमा_मुलुंड
नमस्कार मंडळी. धागा भाषेचा आहे, निमित्त मात्र घरातल्या आजारपणाचं.

सासूबाईंच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना घरी आणलं. सोडताना रुग्णालयाने काळजी कशी घ्यायची याचा मराठी कागद हातात दिला. मराठीत दिला याचा आनंदच आहे. त्यात एक वाक्य होतं, 'रुग्णास शय्याव्रण होऊ नयेत याची दक्षता घ्यावी.' (म्हणजे बेडसोर, अंथरुणात पडून राहून होणारी जखम.) रात्रपाळीच्या मावशी साताऱ्याकडच्या, दहावी झालेल्या. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि मला विचारलं, "ताई, आजींच्या अंगावर व्रण कुठं हायेत? आन् जुनं व्रण आता काय जायचं न्हाईत." त्यांच्या लेखी व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. नवरा तेच म्हणतो. नणंद कॉलेजात बायोलॉजी शिकवते, ती म्हणते व्रण म्हणजे अल्सर, उघडी जखम.

एकच शब्द, एका अर्थी जखम वाहतेय आणि दुसऱ्या अर्थी ती कधीच भरून गेलीय. हा शब्द आला कुठून? मुळात अर्थ कोणता? आणि रात्रभर पेशंटपाशी बसणाऱ्या बाईला एका वाचनात कळेल असा शब्द आपल्याकडे आहे की नाही?

गिरगावचा_बाळ्या
खूणच. 'मनावर व्रण राहिले' म्हणतो तेव्हा घाव जुना झालेला असतो. माझ्या हनुवटीवर चाळीच्या जिन्याने दिलेला एक आहे. सगळे त्याला व्रणच म्हणतात, अल्सर कोणी म्हणत नाही.

मृण्मयी_ठाणे
+१. शय्याव्रण हा शब्द मात्र पहिल्यांदाच ऐकला. शय्या म्हटलं की मला शेषशय्याच आठवते.

वेदवती
सीमाताई, तुमच्या मावशी आणि तुमची नणंद दोघींचीही बाजू एकाच श्लोकात सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात व्रण शब्दाची फोड अशी केली आहे:

वृणोति यस्माद्रूढेऽपि व्रणवस्तु न नश्यति ।
आदेहधारणात्तस्माद् व्रण इत्युच्यते बुधैः ॥

रूढ म्हणजे भरून आलेला. भरून आला तरी त्याची जागा, म्हणजे 'व्रणवस्तु', देह आहे तोवर नाहीशी होत नाही, ती व्यापून राहतो, म्हणून त्याला जाणते व्रण म्हणतात. सुश्रुतांना व्रण म्हणजे जखमच अभिप्रेत आहे, पण तिला नाव देताना त्यांनी मागे राहणाऱ्या खुणेवर बोट ठेवलं. खुणेसाठी स्वतंत्र शब्दही दिला. दुसरीकडे धातुपाठात, म्हणजे संस्कृत व्याकरणातल्या धातूंच्या यादीत, 'व्रण गात्रविचूर्णने' असा धातू आहे, म्हणजे शरीराचा भाग झिजणं, फुटणं. व्याकरणाने जखम होतानाचा क्षण धरला, वैद्याने ती भरल्यानंतरचा.

सुश्रुतांनी व्रणाचे दोन मूळ प्रकार सांगितले आहेत. शरीरातल्या दोषांनी होणारा तो शारीर, बाहेरच्या आघाताने होणारा तो आगंतू. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरचे ६० उपक्रम येतात. त्यात शोधन म्हणजे जखम साफ करणं आहे, रोपण म्हणजे ती भरून आणणं आहे, आणि अगदी शेवटाकडे भरलेल्या जागेचा रंग त्वचेशी जुळावा म्हणून कृष्णकर्म आणि पांडुकर्म, केस परत यावेत म्हणून रोमसंजनन. खूण राहिली तर तिचाही उपचार त्याच यादीत. मला हे वाचताना दर वेळी त्या वैद्यांबद्दल आदर वाटतो. जखम बंद झाली की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

दादरचे_दामलेकाका
वेदवती, छान लिहिलंस. पण एक कडी राहिली आणि ती मराठीतच आहे. सीमाच्या मावशींचा शब्द बहुधा 'व्रण' नव्हेच, 'वण' आहे.

आमच्या लहानपणी 'देवीचे वण' म्हणायचे. माझ्या थोरल्या आत्याच्या गालांवर होते. भाजल्याचा वण, कापल्याचा वण. हा वण म्हणजे संस्कृत व्रणातला र गळून प्राकृतातून आपल्याकडे आलेलं रूप. ग्रामाचा गाव झाला, ग्रंथीची गाठ झाली, तसा व्रणाचा वण. प्राकृतात वण म्हणजेही जखमच होती. मराठीत येता येता तो शब्द खुणेपुरता उरला, कारण ओल्या जखमेसाठी तोवर घाय, घाव होते आणि फारसीतून जखम आली.

पुढे शिकलेल्या लोकांना वण गावठी वाटू लागला. त्यांनी त्याला पुन्हा र जोडला आणि अर्थ मात्र वणाचाच ठेवला. त्यामुळे आज कथाकवितांतला व्रण म्हणजे वण, आणि वैद्यकाच्या पुस्तकातला व्रण थेट संस्कृतातून उचललेला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एका वेषात उभे आहेत. कोणी चूक नाही.

मृण्मयी_ठाणे
काका, हे भारी आहे. माझी आजी 'वण' म्हणायची आणि मी तिला सुधारायची!

सर्जन_परळ
सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात काम करतो. वैद्यकीय बाजू सांगतो.

त्वचा किंवा आतल्या पोकळीचं नाजूक अस्तर, याचं सलग आवरण तुटून तिथे खळगा पडला की तो अल्सर, म्हणजे व्रण. तो जठरात असतो, तोंडात असतो, पायावर असतो, डोळ्याच्या बुबुळावरही असतो. आम्ही बघताना त्याची कड कशी आहे, तळ कसा आहे, पाणी येतंय की पू, हे बघतो. कडा उतरत्या असतील आणि तळ लालबुंद दाणेदार असेल तर मन निवांत होतं, कारण तो भरू लागलेला आहे.

गोंधळ फक्त व्रण शब्दाचाच नाही. मराठी घरात अल्सर म्हटलं की माणूस पोटावर हात ठेवतो. मधुमेहाच्या पेशंटला सांगावं, "तुमच्या तळव्याला अल्सर झालाय," तर उत्तर येतं, "पण डॉक्टर, मला ॲसिडिटी नाहीये." आणि ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला दुखतही नाही, त्यामुळे आपल्याला काही झालंय हे पटवायला शब्दाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नसतं. मी हल्ली सरळ सांगतो, "पायाला भोक पडतंय आणि ते आत हाडाकडे चाललंय." आरसा जमिनीवर ठेवून तळवा दाखवतो.

बीसीजीची लस दंडावर टोचल्यावर काही आठवड्यांनी पुळी येते, ती फुटून बारीक व्रण होतो आणि तो भरला की वण राहतो. दामलेकाकांचे दोन्ही शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहेत.

गिरगावचा_बाळ्या
आत्ता बाही वर करून बघितलं. आहे!

वेदवती
डॉक्टर, अल्सर शब्दाचं मूळही सांगते. लॅटिनमध्ये उल्कुस, ग्रीकमध्ये हेल्कोस, दोन्हींचा अर्थ जखम, व्रण. तौलनिक भाषाशास्त्रात यांचा संस्कृतातला भाऊबंद म्हणून व्रण येत नाही, येतो तो 'अर्शस्'. म्हणजे आपला अर्श, मूळव्याध.

मृण्मयी_ठाणे
अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण इथे अशी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

कुडाळचो_भाऊ
आमच्या मालवणीत जखमेक 'घाय'. घाय सुकलो, घाय चिघळलो. पुढचं मराठीत लिहितो सगळ्यांसाठी. शेतीतला शब्द सांगतो, जू घासून बैलाच्या मानेला सूज आली, कातडी सोलवटली की 'खांदा आला' म्हणतात. त्या दिवसापासून बैल जुवाला लावायचा नाही, हा नियम. पाठीवर ओझं वाहणाऱ्या जनावराची 'पाठ लागते'. आणि माझी आजी हेच अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही म्हणायची, "म्हातारीची पाठ लागली हो."

सीमाताई, तुमचा शय्याव्रण तो हाच. एकाच जागी सतत दाब पडून कातडी मरणं.

अंधेरी_लोकल
भाऊ, 'खांदा आला' वरून आठवलं. डोळे आले, तोंड आलं, खांदा आला. मराठीत अवयव सुजला की तो 'येतो'. आमच्या ऑफिसात कँटीनवाल्याला मी "मेरा मुँह आया है, तिखा मत डालो" म्हटलं आणि आजूबाजूचे मराठी लोक हसले, हिंदीत असं नसतं म्हणून. तो उत्तरेकडचा, त्याला काहीच वावगं वाटलं नाही. हिंदीतही मुँह आना असंच म्हणतात.

सर्जन_परळ
तोंड येण्यावरून एक सांगतो, तीन आठवड्यांच्या वर राहिलेलं तोंड 'आलेलं' समजू नका. तंबाखू, सुपारी, गुटखा खाणाऱ्याने तर मुळीच नाही. दाखवा.

दादरचे_दामलेकाका
शब्द निघालेच आहेत तर आणखी थोडे. केसाच्या मुळाशी येतं ते केसतूड. मधुमेह्याच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचं येतं ती काळपुळी. पापणीवर येते ती रांजणवाडी. काखेतली काखमांजरी. पायाला जखम असताना जांघेत गाठ येते ते अवधाण. फोड, पुळी, गळू, करट हे सगळे वेगवेगळे, आमच्या आईला नुसतं बघून सांगता यायचं. वर्षानुवर्षं न भरणारी आत वाट काढणारी जखम ती नासूर, हा शब्द अरबीतला. संस्कृतात त्यालाच नाडीव्रण. इतकी नेमकी नावं असलेली भाषा आहे आपली आणि आता सगळ्याला 'इन्फेक्शन झालंय'.

आणि 'लस'! जखमेतून झिरपतं ते पातळ पाणी म्हणजे लस. देवीच्या टोचणीत गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या, फोडातली हीच लस एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर चढवत. १४ जून १८०२ ला आपल्या मुंबईतच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं, ती भारतातली पहिली लस. ते द्रव्य बसऱ्याहून आलं होतं. पुढे देवी गेली, १९८० मध्ये जगातून संपल्याची घोषणा झाली, आणि टोचणीला मात्र लस हे नाव चिकटून राहिलं.

वडाळा_रहिवासी
काका, माहितीबद्दल धन्यवाद. अवांतर वाटेल, पण मुंबईतल्या वाचकांसाठी लिहितो. उघड्या जखमेचा अर्थ इथे पावसाळ्यात फार महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली. महापालिका दर पावसाळ्यात सांगते की पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांकडे जाऊन औषध घ्या. आमच्या इमारतीतल्या एकाला विचारलं, जखम आहे का, तर नाही म्हणाला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. त्या त्याने जखमेत धरल्याच नाहीत.

सर्जन_परळ
अगदी बरोबर. चिखल्या म्हणजे फुटलेली कातडीच. जंतूला तेवढी फट पुरते.

शब्दयात्री
मी वैद्यकीय मजकुराची भाषांतरं करतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. रुग्णालयाने 'शय्याव्रण' लिहिलं ते योग्य लिहिलं. परिभाषेत एका कल्पनेला एक शब्द हवा. जठरव्रण, नाडीव्रण, दुष्टव्रण, शय्याव्रण असा सगळा कुटुंबकबिला त्या एका शब्दावर उभा आहे. लोकांना कळत नाही म्हणून आपण दर वेळी परिभाषा सोडून देऊ लागलो तर मराठीत वैद्यक कधीच लिहिता येणार नाही. 'बेडसोर' लिहून सुटका होते, मराठी वाढत नाही. शब्द वापरत राहिलं की रुळतो. 'संकेतस्थळ'ही एकेकाळी परकं वाटत होतं.

सीमा_मुलुंड
शब्दयात्री, तुमचा मुद्दा पुस्तकासाठी मान्य. पण शब्द रुळेपर्यंत सासूबाईंच्या पाठीचं काय करायचं? कागद वाचणाऱ्या बाईंनी 'जुनी खूण' असा अर्थ घेतला तर त्या रात्री कूस बदलली जाणार नाही.

शब्दयात्री
हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की शब्द ठेवा आणि त्याच ओळीत तो उलगडून सांगा.

ब्युरोवाली_रेश्मा
पहिल्यांदाच लिहितेय. घाटकोपरला घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांचा ब्युरो आहे, फोन घेण्यापासून ड्युटी लावण्यापर्यंत काम मी करते. आमच्या मावश्या आपसात काय बोलतात ते सांगते. 'बेडसोर झालाय' सर्रास म्हणतात, इंग्रजी न येणाऱ्याही म्हणतात. गावाकडच्या 'पाठ लागली' म्हणतात, कुडाळच्या भाऊंनी लिहिलंय ते खरं आहे. 'चट्टा पडलाय' म्हणजे अजून फुटला नाही. 'भोक पडलंय' म्हणजे आत गेलाय. शय्याव्रण एकीच्याही तोंडून ऐकला नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. जखम झाली की घरचे पहिल्यांदा मावशीवर चिडतात. पण तिला नुसतं 'दक्षता घ्या' सांगितलेलं असतं. दक्षता म्हणजे रात्री किती वाजता काय करायचं, हे तिला कोणी लिहून दिलेलं नसतं.

सिस्टर_सुनंदा
रेश्मा, शंभर टक्के. मी आयसीयूत परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. घरच्यांसाठी लिहिते.

जखम होण्याआधी कातडी सांगते. माकडहाड, खुबा, टाच, खांद्याचं पातं, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या अगदी खाली आहे तिथे रोज हात फिरवायचा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर जागा पांढुरकी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लाल ती लालच राहिली तर बेडसोर सुरू झाला, वरून कातडी अखंड दिसली तरी. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे डोळ्यांवर विसंबू नका, हाताच्या मागच्या बाजूने बघा, ती जागा शेजारच्यापेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते. रंग जांभळट, काळपट होतो.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीशी उशी लावून थोडं तिरकं, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. सीमाताई, तुमच्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे कोणत्या कुशीवर आणि कसं वळवायचं ते त्यांच्या सर्जनना विचारूनच करा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. ओढत सरकवू नका, चादरीसकट उचला. लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळू नका, आतली कातडी आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग लोक प्रेमाने आणतात, ती वापरू नका, कडेने रक्त अडतं. मुंबईच्या दमट हवेत मेणकापडावर घाम साचतो, तेही बघा. आणि खाण्यात डाळ, अंडं, दूध, जे चालतं ते पुरेसं जाऊ द्या, नाहीतर वरून कितीही मलम लावलं तरी जखम भरायला शरीराकडे काही नसतं.

सर्जन_परळ
सुनंदाताईंनी लिहिलेलं छापून भिंतीवर लावावं. नावाच्या बाजूने यात भर घालतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये 'प्रेशर अल्सर' हे नाव सोडून 'प्रेशर इंज्युरी' घेतलं. कारण पहिल्या पायरीत कातडी अखंड असते, मग त्याला अल्सर कसं म्हणायचं? म्हणजे इंग्रजीतही हा शब्द अडला होता. त्या न्यायाने शय्याव्रणातही दोन अडचणी आहेत. एक, सुरुवातीला व्रण नसतोच. दोन, शय्याच लागते असं नाही, व्हीलचेअरवर बसून राहणाऱ्यालाही होतो. दोष दाबाचा आहे.

शब्दयात्री
डॉक्टर, हे पटलं. मग परिभाषेसाठी 'दाबव्रण' जास्त नेमका, पहिल्या पायरीसाठी नुसती 'दाबइजा'. आणि घरी देण्याच्या कागदासाठी रेश्माताईंच्या मावश्यांचे शब्द. 'पाठ लागणे' हा शब्द मी माझ्या कामात आजवर वापरला नव्हता, पुढे नक्की वापरेन.

दादरचे_दामलेकाका
'पाठ लागू देऊ नका' हे वाक्य किती सरळ आहे बघा. त्यात काय होतं तेही आलं आणि काय करायचं तेही.

मृण्मयी_ठाणे
काका, पण नव्या पिढीला पाठ लागणे म्हणजे पाठीमागे लागणे वाटेल. माझ्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "कुत्रा?"

ब्युरोवाली_रेश्मा
म्हणून बेडसोर पण लिहा, दोन्ही लिहा. आमच्याकडे बावीस वर्षांच्या पोरी आहेत आणि साठीच्या मावश्याही.

सीमा_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं: पुस्तकातला व्रण ही जखम, मावशींचा व्रण म्हणजे वण. आता घरासाठी कागद नवा लिहिलाय, इथे टाकते, तपासून द्या.

'आजींची पाठ लागू द्यायची नाही, म्हणजे बेडसोर होऊ द्यायचा नाही. रात्री १०, १२, २, ४ आणि ६ वाजता कूस बदलायची, सर्जननी दाखवलं तशी, दोघींनी चादरीसकट उचलून. प्रत्येक वेळी माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा बघायच्या, हात लावून बघायच्या. लाल, काळपट, गरम किंवा कडक लागलं तर तेल लावायचं नाही, त्या कुशीवर परत निजवायचं नाही, आणि मला उठवायचं. कितीही वाजले असले तरी उठवायचं.'

सिस्टर_सुनंदा
उत्तम. 'दोघींनी' लिहिलंत ते छान, एकटीने उचलता येत नाही. एअरबेड असेल तर त्यावर एकच पातळ चादर घाला, जाड गोधडी नको, नाहीतर हवेचा उपयोग होत नाही. डोक्याची मागची बाजू राहिली आहे यादीत, ती घाला. आणि डायपर ओला आहे का, हे प्रत्येक वेळी.

सीमा_मुलुंड
दोन्ही घातलं. हिंदी बोलणाऱ्या मावशींसाठी रेश्माताई, तुम्ही करून द्याल का?

ब्युरोवाली_रेश्मा
आज रात्री करते. आमच्या सगळ्या पेशंटच्या घरी देणार आहे, चालेल ना?

सीमा_मुलुंड
चालेल काय, द्याच. वेळा मात्र प्रत्येक घराच्या ड्युटीप्रमाणे बदला, आणि खाली घरच्या माणसाचा फोन नंबर लिहायला जागा ठेवा.